बचावपटूंची तुलना स्टील आणि ब्लॉक मोजून होणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील नामवंत खेळाडूंच्या बचावक्षमतेची तुलना करणारा मजकूर आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर नुकताच वाचला. बास्केटबॉलविषयी लिहिताना बहुधा गुणांचीच चर्चा होते, त्यामुळे बचावाला इतकी जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. परंतु त्या तुलनेचा सारा डोलारा प्रत्येक सामन्यातील सरासरी स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे) आणि सरासरी ब्लॉक (शॉट हवेतच अडवणे) या दोन आकड्यांवर उभा होता आणि त्यांची बेरीज करून खेळाडूंचे क्रम ठरवले होते. माझा आक्षेप या पद्धतीला आहे. बचावपटूवर कोणते काम सोपवले होते आणि ते करताना त्याने प्रतिस्पर्ध्याला काय करू दिले नाही, हे पाहिल्याशिवाय दोन बचावपटूंची तुलना होऊ शकत नाही. आणि नेमक्या याच दोन गोष्टींना त्या तक्त्यात जागा नाही.

2016 च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्याची शेवटची दोन मिनिटे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहेत. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स 89-89 असे बरोबरीत होते. क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगचा शॉट चुकला, रिबाऊंड (परत उसळलेला चेंडू) गोल्डन स्टेटच्या आंद्रे इगुडालाच्या हाती आला, त्याने धावता धावता स्टीफन करीकडे पास दिला, परत घेतला आणि ले-अपसाठी (बास्केटच्या अगदी जवळून शॉट घेण्यासाठी) उडी मारली. मागून वेगाने आलेल्या क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने तो चेंडू बोर्डावरच अडवला. हा ब्लॉक या खेळाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या ब्लॉकपैकी एक आहे आणि तो लेब्रॉनच्या खात्यावर जमा झाला हे योग्यच आहे. परंतु चित्रफीत सावकाश पाहिली, तर लेब्रॉनचा सहकारी जे. आर. स्मिथ त्याआधी इगुडालाच्या वाटेत आलेला दिसतो. त्याला चुकवण्यासाठी इगुडालाला चेंडू खाली घेऊन पुन्हा वर न्यावा लागला आणि तेवढ्या अवधीत लेब्रॉन पोहोचला. स्मिथच्या नावापुढे मात्र काहीही लिहिले गेले नाही.

त्यानंतर क्लीव्हलँडने स्क्रीनच्या (बचावपटूच्या वाटेत सहकाऱ्याने उभे राहण्याच्या) साहाय्याने करीला मुद्दाम अर्व्हिंगसमोर आणले आणि अर्व्हिंगने त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचा शॉट टाकला. लगेच पुढच्या चढाईत उलट परिस्थिती झाली. स्विचमुळे, म्हणजे बचावपटूंनी आपापला माणूस अदलाबदल केल्यामुळे, क्लीव्हलँडच्या केव्हिन लव्हला करीसमोर उभे राहावे लागले. लव्ह उंच, तुलनेने संथ आणि बचावासाठी कधीही न नावाजलेला खेळाडू. समोर त्या काळातील सर्वांत धोकादायक नेमबाज. करीने दिशा बदलून पाहिली, चेंडू दुसऱ्याला देऊन परत घेतला, तरी लव्ह त्याच्यासमोरून हलला नाही आणि अखेर करीला घाईचा, अवघड शॉट घ्यावा लागला. तो चुकला. क्लीव्हलँडने सामना 93-89 असा जिंकला. लव्हच्या त्या कामगिरीत ब्लॉक नव्हता आणि स्टीलही नव्हता, म्हणजे आपल्या तक्त्यानुसार तिथे काहीच घडले नाही. माझ्या मते मात्र त्या रात्रीच्या शेवटच्या मिनिटातील सर्वांत मोलाचा बचाव तोच होता.

मुळात हे दोन आकडे या खेळात उशिरा आले. एनबीएने स्टील आणि ब्लॉक यांची अधिकृत नोंद 1973-74 च्या हंगामापासून सुरू केली. बिल रसेल त्याआधीच, 1969 मध्ये, निवृत्त झाला होता. बॉस्टन सेल्टिक्ससाठी 13 हंगामांत 11 अजिंक्यपदे मिळवणाऱ्या आणि बचावाच्या जोरावर या खेळाची दिशा बदलणाऱ्या या खेळाडूच्या नावावर अधिकृतरीत्या एकही ब्लॉक नाही. रसेलचे वैशिष्ट्य असे, की तो अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देण्याऐवजी शक्यतो मैदानातच ठेवून सहकाऱ्याकडे वळवत असे आणि त्यातून लगेच प्रतिचढाई सुरू होत असे. आज ब्लॉक मोजले जातात, पण अडवलेला चेंडू शेवटी कोणाच्या हाती गेला हे त्या आकड्यातून कळत नाही. चेंडू बाहेर गेला, तर तो पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो.

स्टीलचा आकडा तर याहून अधिक फसवा आहे. चेंडूवर झडप घालणारा बचावपटू यशस्वी झाला तर त्याची नोंद होते, परंतु झडप वाया गेली, तो जागेवरून हलला आणि मागे उरलेल्या चौघांना पाच जणांना तोंड द्यावे लागले, याची नोंद कोणत्याही पारंपरिक तक्त्यात होत नाही. जॉन स्टॉक्टनच्या नावावर कारकिर्दीत 3,265 स्टील आहेत आणि हा विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. तरीही दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दोन मानाच्या संघांपैकी दुसऱ्या संघात प्रशिक्षकांनी त्याला पाच वेळा निवडले आणि पहिल्या संघात एकदाही नाही. स्टॉक्टन वाईट बचावपटू होता असे कोणी म्हणणार नाही. पण रोज त्याच्याविरुद्ध डावपेच आखणाऱ्या प्रशिक्षकांना आकड्यापलीकडचे काही दिसत होते, हे यावरून स्पष्ट होते.

त्यातच हे आकडे टिपणारी माणसे यजमान संघाची असतात. ब्लॉक झाला की शॉटच चुकला, चेंडू हिसकावला गेला की प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटला, हे क्षणात ठरवावे लागते. मायकेल जॉर्डनने 1987-88 च्या हंगामात 259 स्टील आणि 131 ब्लॉक नोंदवले, सामन्यामागे 35 गुणांची सरासरी राखली आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा व सर्वोत्तम खेळाडूचा, असे दोन्ही पुरस्कार मिळवले. त्याच हंगामातील त्याच्या घरच्या मैदानावरील स्टील बाहेरच्या सामन्यांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे अमेरिकी पत्रकारांनी 2024 मध्ये दाखवून दिल्यावर मोठी चर्चा झाली. जॉर्डन श्रेष्ठ बचावपटू होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्या आकड्यांच्या आधारे आपण दशकांच्या अंतरावरील खेळाडूंना एकमेकांसमोर उभे करतो, ते आकडे वाटतात तितके पक्के नाहीत, एवढे तरी मान्य व्हायला हवे.

आता घेतल्या न गेलेल्या शॉटविषयी. उत्तम सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बास्केटखाली उभा असला, की चढाई करणारा गार्ड (चेंडू पुढे आणणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू) आत शिरतो, त्याला पाहतो आणि चेंडू परत बाहेर देतो. हा बचावाचा विजय आहे, पण त्याची खूण कुठेच राहत नाही. टिम डंकन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. सर्वोत्तम बचावपटूंच्या संघांत तो 15 वेळा निवडला गेला. इतक्या वेळा दुसरा कोणीही निवडला गेलेला नाही. तरीही वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार 19 हंगामांत त्याला एकदाही मिळाला नाही. ब्लॉकच्या यादीत तो कोणत्याही हंगामात अव्वल नव्हता. तो उगाच उडी मारत नसे, हात सरळ वर ठेवून योग्य जागी उभा राही, फाऊल टाळी आणि प्रतिस्पर्ध्याला अवघड कोनातून शॉट घ्यायला लावी. सॅन अँटोनियो स्पर्सचा बचाव वर्षानुवर्षे लीगमधील सर्वोत्तम बचावांपैकी एक राहिला, त्याचा पाया हाच होता. प्रेक्षकांना टाळी वाजवावीशी वाटेल असे त्यात फारसे नव्हते आणि मते देणाऱ्यांनाही बहुधा तसेच वाटले असावे.

केव्हिन गार्नेटचा बचाव तर कानांनी समजून घ्यावा लागे. 2007 मध्ये तो बॉस्टनला आला, तेव्हापासून स्क्रीन कुठून येतो आहे, कोणी स्विच करायचे, कोणी मागे थांबायचे, हे तो अखंड ओरडून सांगत असे. पुढच्याच वर्षी सेल्टिक्सने अजिंक्यपद मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही गार्नेटला मिळाला. पाच जणांना एका सूत्रात बांधणारा आवाज मोजण्याचे साधन आजही नाही.

ताऱ्यांची तुलना करताना आणखी एक गोष्ट नेहमी निसटते, ती म्हणजे कोणाला कोणावर सोडले होते. संघाचा मुख्य नेमबाज दमू नये म्हणून प्रशिक्षक बरेचदा त्याला प्रतिस्पर्ध्याच्या कमी धोकादायक खेळाडूवर ठेवतात. अशा ठिकाणाहून पासच्या वाटा हेरणे सोपे जाते आणि स्टील वाढतात. 1991 च्या अंतिम मालिकेत शिकागो बुल्सने पहिला सामना गमावला. दुसऱ्या सामन्यात जॉर्डनवर लवकर दोन फाऊल झाल्यावर लॉस एंजेलिस लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनला रोखण्याचे काम स्कॉटी पिपेनकडे आले आणि लांब हातांच्या पिपेनने मॅजिकला चेंडू पुढे आणणेच जड केले. बुल्सने पुढचे चारही सामने जिंकले. 1996 च्या अंतिम मालिकेत सिएटलने पहिल्या तीन सामन्यांत गॅरी पेटनला बहुतांश वेळ जॉर्डनवर ठेवले नव्हते. चौथ्या सामन्यापासून ठेवले आणि चौथा व पाचवा हे दोन्ही सामने सिएटलने जिंकले. मालिका अखेर बुल्सकडे गेली, पण त्या मालिकेत पेटनचा बचाव किती मोलाचा होता, हे समजण्यासाठी त्याचे स्टील मोजण्याची गरजच नाही.

कवाय लेनर्डच्या बाबतीतही तेच. 2014 च्या अंतिम मालिकेत लेब्रॉनसमोर उभे राहण्याची जबाबदारी पेलत तो मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2019 मध्ये टोरोंटो रॅप्टर्स पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत मिलवॉकीविरुद्ध 0-2 असे मागे पडले होते. तिसऱ्या सामन्यापासून मिलवॉकीच्या यानिस अँटेटोकून्पोवर प्रामुख्याने लेनर्डला ठेवण्यात आले आणि टोरोंटोने सलग चार सामने जिंकले. मालिकेच्या मध्यात सर्वांत कठीण काम मागून घेता येणे, हा माझ्या दृष्टीने श्रेष्ठ बचावपटूचा खरा पुरावा आहे. त्यात सहकाऱ्यांची मदत असतेच. यानिस आत शिरला की लेनर्डच्या मागे मार्क गॅसॉलसारखा जाणता सेंटर उभा होता, हे विसरता येणार नाही.

पुरस्कारांवर विसंबून तुलना करावी म्हटले, तरी वाट सरळ नाही. 2012 मध्ये टायसन चँडलर आणि 2013 मध्ये हाच मार्क गॅसॉल वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरले आणि त्याच वर्षी दोघेही सर्वोत्तम बचावपटूंच्या फक्त दुसऱ्या संघात निवडले गेले. याचे कारण असे, की पुरस्कारासाठी पत्रकार मत देत आणि संघासाठी प्रशिक्षक. आता अलीकडच्या नियमानुसार किमान 65 सामने खेळल्याशिवाय पुरस्कारासाठी विचारच होत नाही. व्हिक्टर वेम्बन्यामा 2023-24 मध्ये पदार्पणातच सामन्यामागे 3.6 ब्लॉकसह लीगमध्ये अव्वल ठरला आणि सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेलेला पहिला नवोदित खेळाडू बनला. पुढच्या हंगामात खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे त्याचा खेळ 46 सामन्यांवर थांबला आणि पुरस्कार इव्हान मोब्लीला मिळाला. मोब्लीच्या गुणवत्तेबद्दल आक्षेप नाही, परंतु त्या वर्षीच्या यादीवरून वेम्बन्यामाची तुलना करणे अन्यायाचे होईल.

नियम बदलल्यामुळे वेगवेगळ्या काळांची तुलना अधिकच अवघड होते. 2001-02 चा हंगाम सुरू होईपर्यंत झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखण्याला) मनाई होती. मदतीला येणाऱ्या खेळाडूला आपला माणूस सोडून मोकळे उभे राहता येत नसे. त्यामुळे एकास एक लढत आजच्यापेक्षा अधिक निर्णायक ठरे. दुसऱ्या बाजूने, चेंडू असलेल्या खेळाडूच्या अंगावर हात ठेवून त्याला वळवण्याची जी सवलत गार्डना मिळत होती, ती 2004-05 पासून नियमांच्या कडक अंमलबजावणीमुळे जवळपास संपली. आणि तीन गुणांच्या शॉटचे प्रमाण वाढल्यापासून तर सेंटरला बास्केटखालून बाहेर ओढणे हाच आक्रमणाचा मुख्य डाव झाला आहे. ड्रेमंड ग्रीनला उंची बेताची असूनही 2017 मध्ये पुरस्कार मिळाला तो याच बदलामुळे; गार्डपासून सेंटरपर्यंत कोणाही समोर उभा राहू शकणारा खेळाडू आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोलाचा ठरतो.

याच संदर्भात रूडी गोबेअरवर होणाऱ्या टीकेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. डिकेंबे मुटोंबो आणि बेन वॉलेस यांच्याप्रमाणे त्यानेही हा पुरस्कार चार वेळा मिळवला आहे, तरीही 2021 च्या प्लेऑफमधील (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीतील) एका सामन्याचा दाखला देऊन त्याला निकालात काढले जाते. त्या सामन्यात युटा जॅझने 25 गुणांची आघाडी गमावली आणि लॉस एंजेलिस क्लिपर्सच्या टेरन्स मॅनने 39 गुण केले. मॅन कोपऱ्यात मोकळा राहत होता आणि त्याला सांभाळण्याची जबाबदारी गोबेअरची होती, हे खरे आहे. पण तो मोकळा का राहत होता? युटाचे गार्ड आपापल्या माणसाला पहिल्याच पावलावर आत जाऊ देत होते आणि प्रत्येक वेळी गोबेअरला बास्केट वाचवायला धावावे लागत होते. एकाच माणसाने दोन ठिकाणी असावे, अशी ती अपेक्षा होती. टीकेत तथ्य अजिबात नाही असेही म्हणता येणार नाही; 2024 च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात स्विचनंतर लुका डॉन्चिचने गोबेअरसमोरच मागे सरकून विजयी तीन गुण टाकले आणि डॅलस 109-108 असे जिंकले. गोबेअरची मर्यादा ही आहे, की मोकळ्या जागेत चपळ गार्डसमोर तो एकटा पुरत नाही. त्याचे बळ हे आहे, की संपूर्ण हंगामभर तो सामान्य बचावालाही लीगमधील सर्वोत्तम बचावांच्या पंक्तीत नेऊन बसवतो. तुलना करताना ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी लिहावी लागतील.

सेंटर आणि गार्ड यांना एकाच मापाने मोजण्याचा हट्टही सोडावा. बास्केटजवळचा शॉट सर्वांत सोपा, त्यामुळे तो रोखणाऱ्या उंच खेळाडूचा प्रभाव साहजिकच मोठा असतो. 1996 मधील पेटननंतर गार्डला हा पुरस्कार मिळण्यासाठी 2022 उजाडले, तेव्हा तो मार्कस स्मार्टला मिळाला. मधल्या काळात श्रेष्ठ बचाव करणारे गार्ड नव्हते असे नाही. 2021 च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्याच्या अखेरीस मिलवॉकीच्या ड्रू हॉलिडेने फिनिक्सच्या डेव्हिन बुकरच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि यानिसला बास्केटवर पास दिला, हा क्षण सर्वांना आठवतो; पण त्याच हॉलिडेने त्या मालिकेत फिनिक्सच्या ख्रिस पॉलला चेंडू घेऊन मैदान ओलांडतानाच घडोघडी किती दमवले, हे सामने पूर्ण पाहणाऱ्यालाच कळते.

आज साधने सुधारली आहेत. 2013-14 पासून सर्व मैदानांवर खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे आहेत, आणि गेली काही वर्षे किती शॉटना हात उंचावून आव्हान दिले, किती पास बोटांनी वळवले याच्याही नोंदी प्रसिद्ध होतात. तरीही अमुक खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे किती शॉट पडले, हा आकडा सावधपणेच वापरावा, कारण दूरचा शॉट पडणे किंवा न पडणे यात बचावपटूच्या हाती फारच थोडे असते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर नोंदी सुरू झाल्यापासूनच्या काळात मी हकीम ओलाजुवानला सर्वांच्या वर ठेवीन. 3,830 ब्लॉक आणि 2,000 हून अधिक स्टील असलेला तो एकमेव खेळाडू आहे, पण माझे कारण ते नाही. 1994 च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी त्याचा ह्यूस्टन संघ 86-84 असा पुढे असताना न्यूयॉर्क निक्सच्या जॉन स्टार्क्सने अजिंक्यपद मिळवून देऊ शकणारा तीन गुणांचा शॉट घेतला, तेव्हा ओलाजुवान बास्केट सोडून तीन गुणांच्या रेषेपर्यंत धावला आणि त्याने बोटांच्या टोकांनी तो चेंडू वळवला. बास्केट राखणे आणि बाहेर जाऊन गार्डला गाठणे, ही दोन्ही कामे एकाच चढाईत करणारे सेंटर तेव्हा दुर्मीळ होते आणि आजही फार नाहीत. बाहेरच्या जागांवरील खेळाडूंमध्ये मी पिपेनला जॉर्डनच्याही वर ठेवतो. पिपेन गार्डपासून पॉवर फॉरवर्डपर्यंत कोणालाही रोखू शके, आणि सर्वांत कठीण माणूस त्याने घेतल्यामुळे जॉर्डनला पासच्या वाटांवर डोळा ठेवण्याची मोकळीक मिळत असे. हा क्रम अनेक वाचकांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांचे प्रतिपादन याच पानावर वाचायला मला आवडेल.

आपल्या क्रीडा विभागाला एवढीच विनंती, की पुढच्या वेळी अशी तुलना छापताना प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो कोणाला रोखत होता, कोणत्या नियमांखाली खेळत होता आणि प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्ध्यांनी त्याला मुद्दाम लक्ष्य केले की टाळले, या तीन गोष्टींसाठी चार ओळी तरी राखून ठेवाव्यात. तसे झाले, तर डंकन आणि पिपेन यांची नावे त्या तक्त्यात जितकी खाली गेली होती, तितकी खाली राहणार नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक